वाचकांचे प्रश्न : रेडिओवरचे तरुण आणि त्यांचे राष्ट्राध्यक्ष

गेल्या अंकात अमेरिकेतील ‘टॉक रेडिओ’ या प्रकारावर, म्हणजे गाणी न वाजवता श्रोत्यांचे फोन घेत दिवसभर राजकारण बोलणाऱ्या केंद्रांवर, एक छोटे टिपण या सदरात दिले होते. तेथे उजव्या विचारांचे तरुण निवेदक राष्ट्राध्यक्षांच्या इतिहासावर तासन्‌तास बोलतात, असे त्यात ओघात म्हटले होते. पत्रे आली ती बहुतेक त्या एका वाक्यावरच. त्यांतील काही निवडून उत्तरे देत आहे.

प्रश्न : ओहायोत लेकीकडे तीन महिने राहून नुकतीच परतले. जावई गाडीत रेडिओ लावतात. एका दुपारी विशी-बाविशीचा एक मुलगा कॅल्विन कूलिज या राष्ट्राध्यक्षांविषयी इतक्या जिव्हाळ्याने बोलत होता, की जणू ते त्याचे आजोबाच. मी पस्तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला. वॉशिंग्टन, लिंकन, रूझवेल्ट, केनेडी शिकवले. कूलिज कधी शिकवले नाहीत. या मुलांना त्यांचे एवढे वेड कशाने लागले? — एक निवृत्त शिक्षिका

उत्तर : बाई, कूलिज फारसे शिकवले जात नाहीत, हेच त्या मुलांच्या प्रेमाचे निम्मे कारण आहे. पाठ्यपुस्तकाने ज्यांना मागच्या बाकावर बसवले, त्यांना हात धरून पुढे आणण्यात तरुण वयात एक वेगळीच मौज असते.

शिवाय कूलिज यांची गोष्ट रेडिओसाठीच घडल्यासारखी आहे. २ ऑगस्ट १९२३ रोजी राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांचे सॅन फ्रान्सिस्कोत निधन झाले, तेव्हा उपराष्ट्राध्यक्ष कूलिज व्हरमाँटच्या डोंगराळ भागातील प्लिमथ नॉच या खेड्यात वडिलांच्या घरी झोपलेले होते. घरात ना वीज, ना टेलिफोन. निरोप घेऊन माणूस दारात आला तो मध्यरात्र उलटल्यावर. पहाटे पावणेतीनच्या सुमारास रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात वडिलांनी, ते नोटरी होते म्हणून, मुलाला राष्ट्राध्यक्षपदाची शपथ दिली. डोळे मिटून ऐकावे असे हे दृश्य आहे आणि निवेदकाला ते पुरते ठाऊक असते.

त्यापुढचा हिशेबही उजव्यांना गोड लागणारा आहे. पहिल्या महायुद्धात प्राप्तिकराचा वरचा दर ७७ टक्क्यांपर्यंत गेला होता, तो कूलिज यांच्या काळात २५ टक्क्यांवर आला. राष्ट्रीय कर्ज घटले. शेतमालाचे भाव सरकारने सावरावेत असे विधेयक काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, मंजूर केले, तेव्हा त्यांनी ते १९२७ आणि १९२८ असे दोनदा परत पाठवले. मात्र आजच्या मुलांपर्यंत कूलिज थेट पोचलेले नाहीत. ते रीगन यांच्या मार्फत आले आहेत. १९१९ मध्ये बॉस्टनच्या पोलिसांनी संप केला तेव्हा मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर असलेल्या कूलिज यांनी, सार्वजनिक सुरक्षेच्या विरोधात संप करण्याचा हक्क कोणालाही, कोठेही, केव्हाही नाही, अशी तार केली होती. रीगन यांनी १९८१ मध्ये सत्तेवर येताच मंत्रिमंडळाच्या दालनात कूलिज यांचे तैलचित्र लावले आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये संपावर गेलेल्या ११ हजारांहून अधिक हवाई वाहतूक नियंत्रकांना घरी बसवले. तैलचित्र आणि बडतर्फी यांचा धागा जोडून दाखवणे हा या निवेदकांचा आवडता खेळ आहे, आणि तो धागा ओढूनताणून आणलेला आहे असे मला वाटत नाही.

त्या मुलाने आपल्याला बहुधा जे सांगितले नसेल, ते असे. देशवार कोटा ठरवून पूर्व आणि दक्षिण युरोपातून येणाऱ्यांची वाट अरुंद करणारा आणि आशियाई लोकांना दार लावून घेणारा १९२४ चा कायदा कूलिज यांच्याच सहीचा. १९२७ मध्ये मिसिसिपी नदीने लाखो लोकांना बेघर केले, तेव्हा पूरग्रस्त भागात यावे म्हणून विनवण्या होऊनही ते गेले नाहीत. आणि मार्च १९२९ मध्ये त्यांनी पद सोडल्यावर सात-आठ महिन्यांतच शेअर बाजार कोसळला. त्यात त्यांचा वाटा किती, यावर अभ्यासकांचे आजही एकमत नाही. दुसऱ्या बाजूचे निवेदक एवढेच तीन मुद्दे सांगतात आणि त्याच १९२४ साली अमेरिकेतील सर्व मूलनिवासींना नागरिकत्व देणाऱ्या कायद्यावरही कूलिज यांचीच सही आहे, हे विसरतात.

एक गंमत सांगायची राहिली. कमी बोलण्यामुळे ‘मुका कॅल’ असे नाव पडलेल्या या गृहस्थांचे डिसेंबर १९२३ मधील काँग्रेसपुढचे भाषण हे रेडिओवरून प्रक्षेपित झालेले राष्ट्राध्यक्षांचे तशा प्रकारचे पहिले भाषण होते.

प्रश्न : ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ला आपण ‘पुराणमतवादी’ का लिहीत नाही? — एक मुद्रितशोधक

उत्तर : कारण तो शब्द वाचताच सोवळे-ओवळे डोळ्यांपुढे येते. ब्रिटनच्या बाबतीत मराठी वृत्तपत्रांनी ‘हुजूर पक्ष’ आणि ‘मजूर पक्ष’ अशी झकास जोडी घडवली. अमेरिकेत हुजूरच नाहीत. तिथले उजवे तरुण ज्याचे जतन करा म्हणतात ती १७८७ ची राज्यघटना, आणि ती तिच्या काळी जुने मोडून घातलेला नवा डाव होता. त्यांच्यातही कमी कर व छोटे सरकार मागणारे, धर्म आणि कुटुंब यांना अग्रक्रम देणारे, आणि अलीकडच्या काळात आयात शुल्क व स्थलांतरबंदीसाठी आग्रही असणारे, असे प्रवाह आहेत आणि ते एकमेकांशी कडाकडा भांडतात. म्हणून मी साधे ‘उजवे’ लिहितो. हा शब्दही पुरा पडत नाही, पण निदान दिशाभूल करत नाही.

प्रश्न : अमेरिकेतील रेडिओ एवढा एकाच बाजूला का कलला? सरकारने काही नियम रद्द केल्यामुळे असे झाले, असे ऐकतो. ते खरे आहे का? — एक निवृत्त आकाशवाणी कर्मचारी

उत्तर : अर्धे खरे आहे. १९४९ पासून अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाचा एक दंडक होता. रेडिओलहरी ही मर्यादित आणि सार्वजनिक मालमत्ता असल्यामुळे परवानाधारकाने वादाच्या सार्वजनिक प्रश्नांना वेळ द्यावा आणि त्यांवरील भिन्न मते श्रोत्यांपुढे ठेवावीत, असे तो सांगत असे. दोन्ही बाजूंना घड्याळ लावून सारखा वेळ द्या, असा त्याचा अर्थ नव्हता; निवडणुकीतील उमेदवारांना समान संधी देण्याचा नियम निराळा, आणि तो आजही आहे. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा दंडक एकमताने उचलून धरला. १९८७ मध्ये काँग्रेसने त्याला कायद्याचे रूप देऊ पाहिले, तेव्हा रीगन यांनी नकाराधिकार वापरला, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये आयोगाने दंडक मागे घेतला. पुढच्याच वर्षी, १ ऑगस्ट १९८८ रोजी, उजव्या टॉक रेडिओचे सर्वांत गाजलेले निवेदक रश लिंबॉ यांचा कार्यक्रम देशभर सुरू झाला. तारखा इतक्या लागून आल्या, की कार्यकारणभाव आपोआप जुळतो.

पण आपण तंत्राच्या जवळ वावरलेले आहात, म्हणून दुसरे अर्धे अधिक तपशिलाने सांगतो. सत्तरचे दशक संपेपर्यंत संगीत एएमवरून, म्हणजे मध्यम लहरींवरून, एफएमवर निघून गेले होते, कारण खरखरीविना, स्टिरिओत गाणे ऐकायची सोय तिथे होती. मध्यम लहरींवरची शेकडो केंद्रे ओस पडू लागली. माणसाच्या बोलण्याला मात्र एएमचा मर्यादित ध्वनिपट्टा पुरेसा असतो. त्याच सुमारास उपग्रहामुळे एकाच स्टुडिओतला कार्यक्रम देशभरच्या केंद्रांना स्वस्तात पोचवता येऊ लागला, आणि लिंबॉ यांचा कार्यक्रम विकणाऱ्यांनी व्यवहार असा ठेवला की छोट्या केंद्राला रोख पैसे मोजावे लागू नयेत: कार्यक्रम घ्या, त्यातील जाहिरातींची काही मिनिटे आम्हाला द्या, उरलेली तुम्ही विका. तीन तास भरून मिळतात आणि पगार कोणाला द्यावा लागत नाही, हे गणित पाहून केंद्रमालक विचारसरणी विचारत बसला नाही. भरभराटीच्या काळात हा कार्यक्रम सुमारे ६०० केंद्रांवर ऐकू येत होता. १९९४ मध्ये रिपब्लिकन पक्षाने चाळीस वर्षांनी प्रतिनिधिगृह जिंकले, तेव्हा नव्या रिपब्लिकन सदस्यांनी लिंबॉ यांना आपल्या तुकडीचे मानद सदस्य करून घेतले. २०२० मध्ये त्यांना ‘मेडल ऑफ फ्रीडम’ हा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले.

आता, नियम रद्द झाला तो दोन्ही बाजूंसाठी. मग डाव्यांचा असा रेडिओ का उभा राहिला नाही? प्रयत्न झाला होता. २००४ मध्ये ‘एअर अमेरिका’ नावाचे जाळे उभे राहिले आणि २०१० च्या जानेवारीत बंद पडले. माझे मत असे की, डावीकडच्या श्रोत्याला सार्वजनिक रेडिओ, मोठी वृत्तपत्रे आणि विद्यापीठे यांत आपला आवाज आधीच ऐकू येत होता. उजवीकडच्या श्रोत्याला मात्र, आपल्या मनातले कोणीतरी मोठ्याने बोलते आहे, हा अनुभव प्रथम मोटारीतल्या रेडिओने दिला. उपाशी माणूस ज्या खानावळीत पहिल्यांदा पोटभर जेवतो, तिला सहसा सोडत नाही.

प्रश्न : विरोधात बोलणाऱ्यांचे फोन खरेच घेतात, की सगळा बनाव असतो? — एक वाचक

उत्तर : घेतात, काही निवेदक तर, असहमत असाल तर रांगेत सर्वांत पुढे या, असे आवर्जून सांगतात. एकमेकांच्या पाठी थोपटणे ऐकून श्रोता दुसरे केंद्र लावतो. भांडणाला मात्र तो गाडी लावून झाल्यावरही पाच मिनिटे बसून राहतो.

प्रत्यक्षात काम कसे चालते ते पाहा. आपण फोन लावला की तो निवेदकाकडे जात नाही. एक सहायक आधी नाव, गाव आणि मुद्दा विचारतो, आवाज स्पष्ट येतो का आणि माणूस रटाळ नाही ना, हे पारखतो आणि एका ओळीत ते टंकून निवेदकाच्या पडद्यावर पाठवतो. त्यामुळे पलीकडून ‘पुष्कळ वर्षे ऐकतोय, फोन पहिल्यांदाच करतोय’ असे नेहमीचे वाक्य येईपर्यंत निवेदकाचे उत्तर मनाशी तयार झालेले असते. प्रक्षेपण काही सेकंद उशिराने होते. अपशब्द आलाच तर एक बटण दाबून तेवढा तुकडा गाळता येतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आवाज लहानमोठा करण्याची सरकपट्टी स्टुडिओकडे असते. फोन करणाऱ्याचा सूर हळूच खाली आणून त्यावर निवेदक बोलू लागला की, ऐकणाऱ्याला वाटते त्याच्यापाशी उत्तरच उरले नाही.

हे उमगल्यानंतर मी अशा कार्यक्रमांत कोण जिंकले हे पाहणे सोडून दिले. विरोधकाला शेवटचे वाक्य पुरे करू दिले की नाही, तेवढेच ऐकतो.

प्रश्न : मी राज्यशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. या कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण मी मोबाइलवर ऐकते. तिथली मुले माझ्याच वयाची आहेत, पण साले, कलमे, मतांचे आकडे तोंडपाठ सांगतात. प्रत्येक चर्चा शेवटी ‘रीगन यांनी हे करून दाखवले’ इथे येते. यातले खरे किती, हे मी कसे ओळखू? — एक विद्यार्थिनी

उत्तर : आकडे बहुतेक वेळा खरेच असतात, आणि अडचण तिथेच आहे. खोटा आकडा पकडता येतो. खऱ्या आकड्याच्या शेजारचा न सांगितलेला आकडा पकडायला तो आपल्याला आधीपासून माहीत असावा लागतो.

रीगन यांचेच घ्या. प्राप्तिकराचा वरचा दर त्यांच्या काळात ७० टक्क्यांवरून २८ टक्क्यांवर आला, हे खरे. मधल्या काळात, १९८२ आणि १९८४ मध्ये, त्यांनी महसूल वाढवणाऱ्या कायद्यांवरही सह्या केल्या, हेही खरे. त्यांच्या आठ वर्षांत राष्ट्रीय कर्ज जवळजवळ तिप्पट झाले. १९८६ च्या कायद्याने त्यांनी विनापरवाना राहणाऱ्या सुमारे २७ लाख लोकांना अधिकृत होण्याची वाट मोकळी करून दिली. आज तोच प्रस्ताव कोणी मांडला तर हेच निवेदक त्याला धारेवर धरतील. ज्यांनी नियंत्रकांचा संप मोडला, ते रीगन एके काळी हॉलिवूडच्या नटांच्या संघटनेचे अध्यक्ष होते, आणि त्याच नियंत्रकांच्या संघटनेने १९८० च्या निवडणुकीत त्यांना पाठिंबा दिला होता. यातून रीगन लहान ठरत नाहीत. ते माणूस ठरतात, आणि रेडिओवर माणसापेक्षा पुतळा सोयीचा असतो.

इतरांनाही हीच फूटपट्टी लावून पाहा. लिंकन हे रिपब्लिकनांचे दैवत. पण संघीय प्राप्तिकर पहिल्यांदा आला तो १८६१ मध्ये त्यांच्याच सहीने. आयझेनहॉवर यांच्या कारकिर्दीत कराचा वरचा दर ९१ टक्के होता, आणि १९५६ मध्ये त्यांनी देशव्यापी महामार्गांची प्रचंड सरकारी योजना सुरू केली. पर्यावरण संरक्षण संस्था स्थापन झाली ती निक्सन यांच्या काळात, १९७० साली, आणि त्याच निक्सन यांनी ऑगस्ट १९७१ मध्ये किमती आणि वेतने गोठवली. उलट, १८८७ मध्ये दुष्काळग्रस्त टेक्सासच्या शेतकऱ्यांना बियाण्यासाठी १० हजार डॉलर देणारे विधेयक ज्यांनी परत पाठवले आणि म्हणून जे या मुलांना लाडके आहेत, ते ग्रोव्हर क्लीव्हलँड डेमोक्रॅट होते. पक्षाचे नाव तेच राहते, आतले सामान बदलत जाते.

म्हणून माझी कसोटी एकच आहे: आपल्या लाडक्या राष्ट्राध्यक्षाची गैरसोयीची एक तरी गोष्ट निवेदक आपणहून सांगतो का? असे सांगणारे तरुण आहेत. त्यांचा कार्यक्रम ऐकताना मला त्यांची मते पटत नाहीत, पण वेळ वाया गेला असेही वाटत नाही.

रीगन यांची एक आठवण या संदर्भात फार बोलकी आहे. १९३० च्या दशकात ते आयोवातील डे मॉइन येथील ‘डब्ल्यूएचओ’ केंद्रावर निवेदक होते आणि शिकागो कब्जच्या बेसबॉल सामन्यांचे वर्णन मैदानापासून दूर स्टुडिओत बसून करत. तारेने त्रोटक मजकूर येई, आणि तो वाचून ते उसळणारा चेंडू आणि गर्दीचा जल्लोष जागच्या जागी उभा करत. एकदा ऐन रंगात तार बंद पडली. सामना थांबवावा तर श्रोते जातील; म्हणून फलंदाज एकामागून एक ‘फाउल’ चेंडू, म्हणजे ज्यांनी खेळ पुढे सरकत नाही असे बाजूच्या रेषेबाहेर जाणारे फटके, मारतो आहे, असे ते तार पुन्हा सुरू होईपर्यंत काही मिनिटे बिनदिक्कत सांगत राहिले. हा किस्सा ते स्वतःच हसत हसत सांगत.

प्रश्न : ही मुले कोणी पढवलेली असतात, की त्यांना स्वतःला काही वाटते? — एक पालक

उत्तर : दोन्ही, आणि यात नवे काही नाही. सप्टेंबर १९६० मध्ये कनेक्टिकटमधील शॅरन गावी उजव्या विचारांचे लेखक-संपादक विल्यम बक्ली यांच्या घरी नव्वदएक तरुण जमले आणि त्यांनी ‘यंग अमेरिकन्स फॉर फ्रीडम’ ही संघटना स्थापली. स्वतः बक्ली तेव्हा चौतीस वर्षांचे होते. या तरुणांचे राष्ट्राध्यक्षपदासाठीचे लाडके उमेदवार बॅरी गोल्डवॉटर १९६४ मध्ये जेमतेम सहा राज्ये जिंकून पडले. पण त्या पराभवात कामाला लागलेली पोरे १९८० मध्ये रीगन यांच्या विजयाच्या वेळी चाळिशीत पोचलेली, जाणती कार्यकर्ती झाली होती. लिंबॉ सोळाव्या वर्षी आपल्या गावच्या केंद्रावर तबकड्या लावत होते. चार्ली कर्क यांनी २०१२ मध्ये अठराव्या वर्षी ‘टर्निंग पॉइंट यूएसए’ ही उजव्या विद्यार्थ्यांची संघटना सुरू केली आणि २०२० पासून त्यांचा रेडिओ कार्यक्रम रोज होत असे. १० सप्टेंबर २०२५ रोजी युटातील एका विद्यापीठाच्या आवारात विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना उत्तरे देत असताना त्यांची गोळी घालून हत्या झाली. तेव्हा ते ३१ वर्षांचे होते. त्यांची मते कोणाला कितीही टोकाची वाटोत, प्रश्न विचारणाऱ्यापुढे बसलेल्या माणसावर गोळी चालावी ही गोष्ट त्या देशातील प्रत्येक छोट्या स्टुडिओत आज मनात धरली जाते.

पढवलेपण किती टिकते याचेही उदाहरण आहे. २००९ मध्ये उजव्यांच्या वार्षिक मेळाव्यात तेरा वर्षांच्या एका मुलाने भाषण करून सभा जिंकली होती. सतराव्या वर्षी त्याने, आता आपली ती मते उरली नाहीत, असे जाहीरपणे सांगितले. मेळाव्यातील पुष्कळांना ते लागले. मला विचाराल तर त्याने वाचन सुरू ठेवले होते, एवढाच त्याचा अर्थ आहे.

प्रश्न : पॉडकास्टच्या काळात हा एएम रेडिओ किती दिवस टिकणार? — एक वाचक

उत्तर : तरुण निवेदक आता एकाच बैठकीत दोन्ही करतात: दुपारी रेडिओवर, संध्याकाळी तेच फोनवर. एएमला खरा धोका आहे तो मोटारींकडून. विजेवरच्या गाडीची मोटर मध्यम लहरींत खरखर निर्माण करते, म्हणून काही उत्पादकांनी नव्या गाड्यांतून एएम काढायला घेतला. त्यावर प्रत्येक गाडीत एएम सक्तीचा करावा, असे विधेयक २०२३ मध्ये दोन्ही पक्षांच्या सदस्यांनी मिळून मांडले. सरकारी सक्तीच्या नावाने एरवी कपाळाला आठ्या घालणाऱ्या अनेक उजव्या निवेदकांना या एका सक्तीचे काही वाईट वाटले नाही.

पहिल्या पत्रातील बाई ओहायोत होत्या, म्हणून तिथलेच एक सांगतो. सिनसिनाटीच्या ‘डब्ल्यूएलडब्ल्यू’ केंद्राने १९३४ मध्ये आपली क्षमता ५० हजार वॉटवरून ५ लाख वॉटपर्यंत नेली होती, आणि रात्री त्याचा आवाज अर्ध्या अमेरिकेत पोचत असे. १९३९ मध्ये ते पुन्हा ५० हजारांवर आणले गेले. आज तिथे बातम्या आणि राजकीय चर्चा चालते. २ मे १९३४ च्या रात्री त्या ५ लाख वॉटच्या यंत्रणेची कळ व्हाइट हाउसमधून दाबणारे गृहस्थ होते फ्रँकलिन रूझवेल्ट, ज्यांच्या नावाने उजव्या रेडिओवर आजही बोटे मोडली जातात.